जेवणाच्या खुर्च्यांच्या बैठका घरीच नव्या करायच्या तर

जेवणाच्या टेबलाभोवतीची एक खुर्ची उलटी करून बघा. बैठकीखाली चारही कोपऱ्यांत स्क्रूची डोकी दिसली, तर ती बैठक म्हणजे प्लायवूडची एक सुटी फळी आहे. तिच्यावर फोम आहे, आणि वरून कापड किंवा रेक्झिन ताणून खालच्या बाजूला पिना मारलेल्या आहेत. याहून जास्त त्यात काही नसतं. शिलाई मशीन लागत नाही, रंधा-करवतही लागत नाही. फ्लॅटमध्ये दिसणाऱ्या सहा खुर्च्यांच्या सेटच्या बैठका बहुतेक अशाच असतात, आणि ज्यांनी आजवर हातात हातोडीही धरलेली नाही त्यांनाही त्या घरी नव्या करता येतात.

काही खुर्च्यांना स्क्रूच नसतात. बैठक चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली असते आणि खालून तळहाताने दाबली की वर उचलली जाते. जुन्या सागवानी खुर्च्यांत हा प्रकार पुष्कळ दिसतो. त्यांचीही रीत हीच, फक्त एक पथ्य जास्त आहे, ते पुढे सांगते. आत स्प्रिंगा असलेली, पाठ आणि बैठक एकत्र शिवलेली किंवा कोरीव चौकटीला कडेने पितळी खिळे मारलेली खुर्ची मात्र कारागिराकडेच द्या. शिकायची सुरुवात तिच्यावर करू नये.

बहुतेक जण या कामाची सुरुवात कापडापासून करतात. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर एखादं कापड मनात भरतं, ते घरी येतं आणि दबून पापड झालेल्या जुन्या फोमवरच चढवलं जातं. चार-सहा महिन्यांत मधोमध खळगा पडतो, कापड सैल होतं आणि सगळी मेहनत वाया जाते. खुर्ची बसायला बरी होते ती फोममुळे, नीटस दिसते ती ताणामुळे. कापडाचा नंबर त्यानंतरचा. म्हणून इथेही कापड उशिरा येईल.

आधी उंची मोजा

जमिनीपासून बैठकीपर्यंतची उंची साधारण १७ ते १८ इंच असते आणि टेबलाची २९ ते ३० इंच. या दोन्हींत ११-१२ इंचांचं अंतर असावं लागतं, म्हणजे मांड्या टेबलाखाली मोकळ्या राहतात आणि ताटापर्यंत हात सहज पोचतो. आता दबलेल्या एक इंची फोमच्या जागी तीन इंची फोम घातला तर बैठक गुबगुबीत होईल, पण मांड्या टेबलाच्या खालच्या पट्टीला घासतील आणि जेवताना वाकावं लागेल. हातांच्या खुर्च्या असतील तर ते हात टेबलाखाली जातात का, तेही बघून घ्या. बहुतेक खुर्च्यांना दोन इंच पुरतात. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना एकदा बसवून आणि उठवून बघा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अर्धा इंच जास्त उंची आणि थोडी कडक बैठक उठायला सोपी जाते.

फोम

दुकानात ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे शब्द कानावर पडतील. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. तो कडकपणाचा आकडा नव्हे. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो. डेन्सिटी सांगते ती एवढंच, की त्यात माल किती आहे, म्हणजेच तो किती वर्षं आकार धरून राहील. रोज दोन-तीन वेळा वापरात असलेल्या जेवणाच्या खुर्चीला ४० डेन्सिटीच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. ३२चा फोम पाठीला चालतो. जास्त टणक बैठक हवी असेल तर खाली एक इंच रिबॉन्डेड आणि वर एक इंच साधा फोम अशी जोडी करा. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला रंगीबेरंगी, जड फोम.

सांगितलेली डेन्सिटी खरी आहे की नाही, हे वजनावरून कळतं. साडेसतरा इंच चौरस, दोन इंच जाडीच्या तुकड्याचं घनफळ जवळजवळ एक घनमीटराचा शंभरावा भाग भरतं. म्हणजे ४० डेन्सिटीचा असा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा; ३२० भरला तर तो ३२चा आहे. दुकानातच ताडून बघायचं असेल तर ७२ बाय ३६ इंचांच्या दोन इंची अख्ख्या शीटचं वजन विचारा. ४० डेन्सिटीला ते ३.४ किलोच्या आसपास येतं. ‘काका, जरा काट्यावर ठेवून दाखवता का?’ एवढं म्हणायला संकोच करू नका.

अशा एका शीटमधून साडेसतरा इंचांचे आठ तुकडे निघतात, म्हणजे सहा खुर्च्या होऊन दोन उरतात. हे दोन तुकडे सरावाला किंवा पुढे कधी पाटाला उपयोगी पडतात.

सामान कुठे मिळेल

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात फोम, रेक्झिन, पिना, डिंकापासून दाभणापर्यंत सगळं चालत्या अंतरावर मिळतं. गाडी लावायला तिथे जागा नसते, त्यामुळे मेट्रोने मंडई स्थानकावर उतरून चालत जाणं सोयीचं. फोमची गुंडाळी करून सुतळीने बांधून मागा, नाहीतर गर्दीतून आणताना हाल होतात. प्लाय बदलावा लागणार असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जावं लागेल. बऱ्याच ठिकाणी मापाने कापूनही देतात.

हाताने दाबायची स्टेपल गन हे एवढंच हत्यार नवीन घ्यावं लागेल. पिना ८ एमएमच्या घ्या. ९ ते १२ एमएमच्या प्लायमध्ये त्या नीट बसतात आणि आरपार जाऊन फोमला टोचत नाहीत. बाकी स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, मोठी कात्री, मीटर टेप, खडू आणि पावाची लांब दातेरी सुरी ही घरातलीच. फोम चिकटवायला रबर बेसचा डिंक लागतो. ‘फेव्हिकॉल एसआर’ म्हणून मागितलात तर दुकानदाराला कळेल. पांढरा फेव्हिकॉल फोमला नको. तो वाळल्यावर कडक होतो आणि बसल्यावर आतून करकरतो.

या डिंकाचा वास उग्र असतो आणि त्यातलं द्रावक भसकन पेट घेतं. काम गॅलरीत किंवा गच्चीवर करा. घरात करणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद ठेवा, आणि देवापुढची समई-उदबत्ती त्या वेळेपुरती विझलेली आहे ना, ते बघा. पावसाळ्याचे चार महिने हे काम टाळलेलं बरं. दमट हवेत डिंक लवकर सुकत नाही, आणि ओल धरलेला प्लाय कापडाखाली बंद झाला की आत बुरशी येते. ऑक्टोबरपासून होळीपर्यंतची कोरडी हवा उत्तम. दिवाळीआधी खुर्च्या तयार हव्या असतील तर फोम-कापडाची खरेदी नवरात्रात उरकून घ्या.

जुनं उतरवताना

सहाही खुर्च्यांवर आणि त्यांच्या बैठकांच्या खालच्या बाजूला पेन्सिलने १ ते ६ आकडे घाला. बैठका एकसारख्या दिसतात, पण स्क्रूची भोकं प्रत्येकीची थोडी वेगळी असतात. तीन नंबरची बैठक पाच नंबरच्या खुर्चीला बसता बसत नाही. बैठकीची पुढची बाजू कोणती, तिथे बाणही काढा. स्क्रू खुर्चीगणिक वेगळ्या डब्यांत ठेवा.

जुन्या पिना काढणं हा या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे, आणि घाई इथेच नको. बारीक सपाट स्क्रू ड्रायव्हर पिनेखाली सरकवायचा, किंचित पिळायचा, एक पाय वर आला की पक्कडीने ओढायची. पिना उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि पायांत चप्पल हवीच. खाली जुनी चादर अंथरलेली असली की शेवटी ती झटकता येते. अर्धी तुटून आत राहिलेली पीन बाहेर येत नसेल तर हातोडीने ठोकून सपाट करा.

निघालेलं कापड फेकू नका. त्यावरून नव्या कापडाचा अंदाज येतो आणि कोपऱ्याच्या घड्या कारागिराने कशा घातल्या होत्या तेही दिसतं.

आता उघडी फळी नीट बघा. थर सुटलेत का, भुसा पडतोय का, मधून वाकलीय का? घडीत किंवा भोकांत काळे ठिपके दिसले तर ढेकणांची शंका घ्या. अशा वेळी जुना फोम आणि कापड लगेच पिशवीत बांधून घराबाहेर काढा आणि चौकटीच्या सांध्यांतही शोध घ्या. फळी खराब असेल तर ती कागदावर ठेवून आकार गिरवा आणि त्या मापाची १२ एमएमची बीडब्ल्यूआर, म्हणजे ओलीला टिकणारी, प्लाय आणा. रेक्झिन लावणार असाल तर फळीला मध्यभागी चार-पाच बोटभर रुंद भोकं पाडून घ्या. रेक्झिनमधून हवा जात नाही; भोकं नसतील तर बसताना बैठक फुग्यागत फुगते आणि कडेच्या पिनांवर ताण येतो.

खुर्ची डुगडुगत असेल तर तेही याच वेळी बघा. सुटलेल्या सांध्यातला जुना डिंक खरवडून काढायचा, तिथे पांढरा फेव्हिकॉल भरायचा आणि चौकटीभोवती दोरी आवळून एक दिवस तशीच ठेवायची. बैठक बसवल्यावर हे करता येत नाही.

फोम कापणं आणि चिकटवणं

फळी फोमवर ठेवून मार्करने कड आखा आणि सगळीकडून पाव इंच बाहेर कापा. ताणलेल्या कापडाने तो पाव इंच आत दाबला जातो आणि कड भरदार दिसते. सुरी उभी धरा, न दाबता लांब हात मारा. दाबून कापलं की फोमची कड आत वळते. मग खालची धार चारही बाजूंनी तिरकी छाटून टाका, म्हणजे कापड खाली वळताना टोक उभं राहत नाही.

डिंक फळीला आणि फोमला, दोन्हीला पातळ लावायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही, अशी अवस्था आली की जोडायचं. एकदा टेकला की फोम हलवता येत नाही, त्यामुळे आधी एक कड जुळवून मग हळूहळू पुढे टेकवत न्या.

फोमवर थेट चांगलं कापड चढवू नका. फोम कापडाला धरून ठेवतो, त्यामुळे ताण एकसारखा बसत नाही. मधे मांजरपाटाचा एक थर द्या. घरातलं जुनं सुती धोतर किंवा विरलेली साडी याला सर्वांत चांगली. हा थर हलका ताणून दहा-बारा पिनांत बसवायचा. तुमचा हात बसायला याच्यासारखा सराव नाही, कारण इथल्या सुरकुत्या झाकल्या जाणार असतात.

आता कापड

जेवणाच्या खुर्चीचा खरा शत्रू हळद आहे. सुती कापड आमटीचा डाग पटकन धरतं, त्यावर साबण लावला की डाग लाल होतो, आणि घाबरून आणखी घासलं की कापडच जातं. घरात लहान मुलं असतील तर चांगलं पीव्हीसी रेक्झिन निवडा. ओल्या फडक्याने पुसलं की झालं. लेदरसारखं दिसणारं पीयूचं कापड हाताला छान लागतं, पण आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांनी त्याचे पापुद्रे निघतात. जेवणाच्या खुर्चीला मी ते सुचवणार नाही. कापडच हवं असेल तर सोफ्याचं घट्ट विणीचं, पॉलिस्टरमिश्रित घ्या. कॅटलॉगमध्ये मार्टिनडेलचा आकडा असतो, म्हणजे कापड किती घासण्या सोसतं त्याचं माप. रोजच्या वापराला तो २५,००० च्या पुढे असावा. पडद्याचं कापड कितीही आवडलं तरी घेऊ नका, ते घासणीला टिकत नाही.

किती घ्यायचं? फळी १७ इंच चौरस धरा. प्रत्येक बाजूला फोमचे दोन इंच, फळीच्या जाडीचा अर्धा आणि खाली वळवायला अडीच, असे पाच. दोन्ही बाजूंचे दहा मिळवले की २७ इंच चौरस तुकडा. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंचांचा असतो, म्हणजे एका पन्ह्यात बरोबर दोन तुकडे. सहा खुर्च्यांना तीन ओळी, ८१ इंच, म्हणून सव्वादोन मीटर पुरतं. आता फळी १८ इंच असेल तर तुकडा होतो २८चा, पन्ह्यात एकच बसतो, आणि लागणारं कापड एकदम सव्वाचार मीटरच्या पुढे जातं! अशा वेळी खालचं वळण अडीचऐवजी दोन इंच धरा, म्हणजे तुकडा पुन्हा २७ इंचांवर येतो. कापडाचा काठ खालीच वळणार असल्यामुळे तोही हिशेबात धरता येतो. फळी पुढे रुंद आणि मागे निमुळती असेल तर माप रुंद बाजूचं घ्या. मोठी फुलं किंवा चौकडी असेल तर ती प्रत्येक बैठकीवर मधोमध आणायला आणखी कापड लागतं, म्हणून पहिल्यांदा करताना साधं किंवा बारीक विणीचं कापड बरं.

आणि सहाही तुकडे एकदम कापू नका. आधी एकच खुर्ची पूर्ण करा, ती टेबलाला लावून दोन-चार दिवस तिच्यावर जेवा. उंची, कडकपणा, कापड, सगळं घरच्यांना पटलं की मग बाकीच्या पाच.

ताण आणि पिना

कापड उलटं अंथरा, त्यावर फळी फोम खाली करून ठेवा. कापडाच्या आणि फळीच्या चारही बाजूंचे मध्य खडूने खुणावून जुळवा. मखमल असेल तर हात फिरवून बघा, लव मागून पुढच्या कडेकडे झोपलेली असावी.

पहिली पीन पुढच्या कडेच्या मध्यावर. मग फळी फिरवून मागच्या मध्यावर कापड ओढून दुसरी, नंतर डावी, उजवी. ओढताना बोटांनी चिमटीत धरून खेचलं की त्या जागी खळी पडते. पूर्ण तळहात कापडावर ठेवून सरकवत आणायचं आणि दुसऱ्या हाताने पीन मारायची. गनचं तोंड फळीला घट्ट टेकलेलं असलं पाहिजे, नाहीतर पीन अर्धी वर राहते. चार पिना झाल्या की फळी उलटून बघा. विणीचे धागे पुढच्या कडेला समांतर आहेत का? वाकडे दिसले तर आत्ताच पीन काढा. चाळीस पिना मारून झाल्यावर काढायचा धीर होत नाही.

मग मध्याकडून कोपऱ्याकडे बोटाबोटाच्या अंतरावर पिना मारत जा, पण एक बाजू संपवून दुसरी असं नको. पुढे दोन मारल्या की मागे दोन, डावीकडे दोन की उजवीकडे दोन. कोपऱ्यापासून दोन इंच मोकळे ठेवा. रेक्झिन असेल तर ते आधी अर्धा तास उन्हात ठेवा. ऊब लागली की नरम होतं आणि ओढ चांगली घेतं.

गोल कोपरा असेल तर कापडाचं टोक मध्याकडे ओढून एक पीन मारा आणि दोन्ही बाजूंना उरलेल्या कापडाच्या मोदकाच्या कळ्यांसारख्या बारीक चुण्या घाला. चुणी जितकी बारीक तितका कोपरा गुळगुळीत. दोन मोठ्या चुण्यांपेक्षा सहा छोट्या घाला, आणि प्रत्येक चुणी फळीच्या खाली संपेल, कडेवर चढणार नाही, एवढं सांभाळा. चौकोनी कोपऱ्याला एकच घडी पुरते. पुढच्या बाजूचं कापड कोपऱ्यावरून वळवून बाजूला पिनेने धरायचं, आतलं जास्तीचं कापून टाकायचं आणि बाजूच्या कापडाची घडी त्यावर आणायची. घडीची रेघ खुर्चीच्या बाजूला दिसावी, समोरून नाही.

खाचेत बसणाऱ्या बैठकीचं पथ्य हे: बैठक आणि चौकट यांत कापडाच्या जाडीएवढी जागा हवी. आधी पातळ कापड होतं आणि आता जाड कापड किंवा रेक्झिन लावलं, तर बैठक ठोकून बसवावी लागते आणि त्या दाबाने चौकटीचे सांधे उघडतात. फळी आधीच चारही बाजूंनी पॉलिश पेपरने घासून घ्या आणि कापड लावण्यापूर्वी त्याची एक पट्टी फटीत घालून बघा.

खालचं जास्तीचं कापड पिनांपासून अर्धा इंच सोडून कापा. स्क्रूच्या भोकांवर कापड आलं असेल तर दाभणाने टोचून तिथला तुकडा कात्रीने काढून टाका. तसंच राहिलं तर स्क्रू फिरताना कापड गुंडाळून घेतो आणि वरचा ताण बिघडतो. काळं नॉन वोव्हन कापड खालून लावलं की पिना झाकल्या जातात आणि फोमचा भुसा जमिनीवर पडत नाही. वेळ नसेल तर हे राहिलं तरी चालतं.

बैठक परत बसवताना चारही स्क्रू आधी अर्धवट फिरवा, मग एकेक घट्ट करा. एक आधीच आवळला तर बाकीच्यांची भोकं जुळत नाहीत.

पुढे सांडलंच तर

हळदीचा डाग पडला तर लगेच कोरड्या फडक्याने टिपा, चोळू नका. मग गार पाण्याने पुसा. उरलेला पिवळेपणा उन्हाने उडतो. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही, म्हणून बैठकीचे चार स्क्रू काढून फक्त फळी दोन-तीन दुपारी गॅलरीच्या उन्हात ठेवायची. अख्खी खुर्ची हलवावी लागत नाही.

एका बैठकीपुरता जास्तीचा तुकडा आणून जपून ठेवा, त्या रंगाचा ताका पुढच्या वर्षी दुकानात असेलच असं नाही. जुना फोम जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. तो कोरडा असेल तर सुक्या कचऱ्यात वेगळा बांधून, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना आधी विचारून द्या.